प्लॉट लेव्हल करायला किती खर्च येतो? आधी चौरस मीटरचा दर विसरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ३० बाय २० मीटरचा, म्हणजे ६०० चौरस मीटरचा प्लॉट आहे, रस्त्याकडची बाजू उंच आणि मागची बाजू तिच्यापेक्षा १.२ मीटर खाली, घर बांधायच्या आधी सगळा प्लॉट एका लेव्हलला, शक्यतो रस्त्याच्याच, आणायचाय, तिघांकडून कोटेशन घेतलं तर सगळ्यात महागडं सगळ्यात स्वस्ताच्या साडेतीनपट निघालं, आणि आता कळेना की यातला लुटतोय कोण आणि चौरस मीटरला रास्त दर नेमका काय.

बहुतेक कोणीच लुटत नाहीये. तिघांनी तीन वेगळ्या कामांचे दर दिलेत आणि तुम्ही ते एकाच कामाचे समजताय. आणि चौरस मीटरचा दर म्हणाल तर तो या कामात नसतोच, कोणी देत असेल तर त्याने आधी मनात काहीतरी सरासरी धरलेली असते आणि ती चुकली की भुर्दंड एकतर तुम्हाला नाहीतर त्याला (आणि त्याला बसला की तो दबाईत, म्हणजे भराव दाबून घट्ट बसवण्यात, काटकसर करतो, म्हणजे फिरून तुम्हालाच). फरशी चौरस मीटरवर मोजतात कारण फरशीची जाडी सगळीकडे सारखी असते. मातीकामात पैसे लागतात ते किती घनमीटर माती हलली, किती लांब हलली आणि तीच माती किती वेळा उचलली याचे. यातली शेवटची गोष्ट लोक मोजतच नाहीत.

आता तुमच्याच प्लॉटचं गणित करू, कारण ते केलं की तिन्ही कोटेशनं आपोआप समजतात.

समजा सगळा प्लॉट मधल्या लेव्हलला आणायचा, म्हणजे वरच्या अर्ध्यातून कापायचं आणि खालच्या अर्ध्यात भरायचं. वरच्या टोकाला ०.६ मीटर कापावं लागेल, मध्यावर शून्य. ती पाचर झाली, तिचं घनफळ १५ गुणिले ०.६ गुणिले २० आणि त्याचं निम्मं, म्हणजे ९० घनमीटर. भरावही तेवढाच. (ब्रासमध्ये बोलायची सवय असेल तर एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर, म्हणजे हे ३२ ब्रासच्या आसपास.) बाहेरून एकही डम्पर यायची गरज नाही, बाहेर जायचीही नाही. हे झालं तुमचं स्वस्त कोटेशन, ज्यात तो 'दोन दिवस जेसीबी लावू' म्हणाला असेल.

आता तुमची जी इच्छा आहे, की सगळं रस्त्याच्या लेव्हलला यावं, ती घ्या. तेव्हा पाचर पूर्ण ३० मीटरची आणि मागच्या टोकाला १.२ मीटर जाड, घनफळ ३६० घनमीटर. क्षेत्रफळ तेच ६००, काम चौपट. शिवाय हे ३६० दाबलेल्या भरावाचं माप आहे. जमिनीतून खणलेली माती फुगते, साधी माती २०-३० टक्के, चिकण माती ४० पर्यंत, खडक फोडला तर त्याहून बराच जास्त, आणि तीच माती नीट थर देऊन दाबली की मूळ जमिनीत होती त्यापेक्षाही १०-१५ टक्के कमी जागेत बसते. म्हणजे ३६० दाबलेले हवे तर मूळ जमिनीतले ४०० लागतात आणि डम्परमध्ये ते सुटे होऊन ५०० होतात. दहा घनमीटरचा डम्पर धरला तर ५० खेपा. तिसऱ्याचं कोटेशन हे असणार, आणि खरं सांगायचं तर या हिशोबाने साडेतीनपट हे जास्त नाही, कमीच आहे, म्हणून त्याने दबाई धरलीये का हे पहिलं विचारा.

उरला मधला. त्याने बहुतेक वरची माती धरलीये. जमिनीचा वरचा १०-१५ सेंटीमीटरचा थर म्हणजे मुळं, पालापाचोळा, सेंद्रिय माती. ही भरावाखाली राहिली तर कुजते आणि वरचं सगळं खचतं, म्हणून आधी ती खरवडून एका बाजूला ढीग करायची, मग खालचं कापणं-भरणं करायचं आणि शेवटी तीच परत वर पसरायची, झाडं-गवत त्याच मातीत येतं. तुमच्या प्लॉटवर १५ सेंटीमीटर म्हणजे ६०० गुणिले ०.१५, पुन्हा ९० घनमीटर! आणि ती दोनदा हलते, एकदा काढताना एकदा टाकताना, म्हणजे १८०. मूळ कामाचे ९० त्यात मिळवा, २७०. बघा, काही न आणता, काही न नेता काम तिप्पट झालं, आणि ते फुगवलेलं नाहीये, ते करायलाच पाहिजे. जो स्वस्तात देतोय त्याने ही वरची माती सरळ भरावात ढकलायची ठरवलीये, दोन वर्षांनी अंगणाला जे खळगे पडतात ते तिथून.

यावरून माझं म्हणणं असं की किती माती हलवायची हे ठरवण्याआधी किती न हलवता भागतंय ते बघा. कारण सगळ्यात स्वस्त माती ती जिला हात लागला नाही.

मुळात प्लॉट सपाट कशाला पाहिजे? लोकांना कॅरम बोर्डासारखा प्लॉट हवा असतो आणि पहिल्या पावसात त्यावर तळं होतं. पाणी वाहून जायला मातीच्या जागेला निदान २ टक्के ढाळ लागतो. घराला लागून तर जास्त, भिंतीपासून पहिल्या ३ मीटरमध्ये जमीन १५ सेंटीमीटर तरी खाली जायला हवी, म्हणजे ५ टक्के. तुमच्या प्लॉटचा आत्ताचा उतार ३० मीटरला १.२, म्हणजे ४ टक्के. तो शून्यावर न आणता २ टक्क्यांवर आणला तर वरच्या टोकाला ०.६ ऐवजी ०.३ च कापावं लागेल आणि घनफळ ९० चं ४५ होईल. काम निम्मं, वर पाण्याची सोय फुकट.

त्याच्याही पुढे जा. घर समजा १२ बाय १० मीटरचं आहे आणि चारी बाजूंनी दीड मीटर काम करायला जागा सोडली, म्हणजे १५ बाय १३ चा तुकडा. फक्त तेवढाच लेव्हल केला तर त्याच्या वरच्या कडेला ०.३ मीटर कापायचं, एकूण १५ घनमीटरच्या आसपास माती. पंधरा! ३६० कुठे आणि १५ कुठे. बाकीचा प्लॉट नैसर्गिक उतारावर ठेवायचा, घराच्या वरच्या अंगाला पाणी अडवून बाजूने काढून देणारी उथळ चर काढायची, आणि पार्किंगचा तुकडा हवा तर वेगळा करायचा. माझ्याकडे कोणी आलं की मी आधी हाच पर्याय कागदावर काढून देतो. अर्ध्या लोकांना तो आवडत नाही, त्यांना सपाट अंगणच हवं असतं. हरकत नाही, पण मग ते अंगण हौस म्हणून घ्यायचं, घराची गरज म्हणून नाही, आणि खर्चही त्याच खात्यात धरायचा.

रस्त्याच्या लेव्हलला भरायचा आग्रह असेल तर अजून एक गोष्ट आहे जी मातीकामाच्या कोटेशनमध्ये दिसतच नाही. मागच्या हद्दीवर १.२ मीटर उंच भराव उभा राहणार, तो अडवणार कोण? नुसता उतार द्यायचा तर उभ्या १ ला आडवे २ धरतात, म्हणजे तुमच्याच प्लॉटची मागची २.४ मीटर पट्टी उतारात गेली, २० मीटर रुंदीला ४८ चौरस मीटर. ती द्यायची नसेल तर रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत. आणि वॉलचं गणित वाईट असतं, मातीचा एकूण दाब उंचीच्या वर्गाने वाढतो आणि भिंत उलथवणारा जोर घनाने. ०.६ मीटरच्या भिंतीऐवजी १.२ मीटरची बांधली तर उंची दुप्पट पण उलथवणारा जोर आठपट, म्हणून तिचा पाया, लोखंड सगळंच वेगळं. सव्वा मीटरच्या आसपास उंची गेली की बऱ्याच ठिकाणी इंजिनीअरचं डिझाइन आणि परवानगी लागते, आणि लागत नसली तरी घ्याच. भिंतीच्या मागे खडीचा थर आणि भिंतीत पाणी निघायला भोकं नसतील तर पाण्याचा दाब वेगळा बसतो. पडलेल्या भिंती बघाल तर बहुतेकींच्या मागे पाणी तुंबलेलं असतं. एका उंच भिंतीऐवजी दोन बुटक्या टप्प्यात बांधल्या तर बरंच वाचतं, फक्त त्या एकमेकींपासून पुरेशा लांब पाहिजेत, खालच्या भिंतीच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर, नाहीतर वरचीचा भार खालचीवर येतो आणि दोन बांधून एकच उंच बांधल्यासारखं होतं.

मधली लेव्हल धरली तरी सगळं गोड नाही हेही सांगतो, रस्त्याकडची बाजू ०.६ मीटर खाली जाईल, गेटमधून आत रॅम्प लागेल आणि रस्त्याचं पाणी आत यायला बघेल, तिथे आडवी चर घालावी लागेल. तरी माझं मत विचाराल तर चर स्वस्त, भराव महाग.

आता मोजायचं कसं, कारण हे सगळे आकडे तुमच्या १.२ वर उभे आहेत आणि ते १.२ तुम्ही डोळ्याने मोजलंय का खरंच मोजलंय मला माहीत नाही. डोळा उताराला फार फसतो. सर्व्हेअर बोलावून ऑटो लेव्हलने (तिपाईवरची उंची मोजायची दुर्बीण) ५ मीटरच्या चौकटीत लेव्हल घ्या, एवढ्या प्लॉटला काही तासांचं काम असतं आणि एकूण खर्चात ते किरकोळ आहे. तोपर्यंत अंदाज हवा असेल तर पाण्याची नळी वापरा. पारदर्शक नळी पूर्ण भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, बुडबुडा राहिला की माप खोटं. एक जण वरच्या कोपऱ्यात खुंटीला नळीचं तोंड धरतो, दुसरा पुढच्या खुंटीला, पाणी दोन्हीकडे स्थिर झालं की खुंटीवर खूण करायची आणि खुणेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजायचं. दोन ठिकाणच्या मापातला फरक म्हणजे उंचीतला फरक. दर ५ मीटरवर असं करत गेलात तर ७ बाय ५, म्हणजे ३५ ठिकाणांचे आकडे मिळतात. प्रत्येक चौकोनाच्या चार कोपऱ्यांची जी कापायची किंवा भरायची जाडी येईल तिची सरासरी काढा, २५ चौरस मीटरने गुणा, बेरीज करा. हा कागद हातात असला की कॉन्ट्रॅक्टरशी बोलायची भाषाच बदलते.

आणि त्या कागदावर एक गंमत दिसेल. तुमच्या प्लॉटवर लेव्हल १ सेंटीमीटर खाली-वर केली की ६ घनमीटरचा फरक पडतो. ९० चा भराव दाबून बसवायला मूळची १०० माती लागते, कापून मिळतात ९०, म्हणजे १० कमी पडले. त्यासाठी बाहेरून माती मागवायची नाही, ठरलेली लेव्हल दीड-दोन सेंटीमीटर खाली घ्यायची, झालं. तसंच पायाच्या चरांची माती विसरू नका, १२ बाय १० च्या घराची नुसती बाहेरची चर ४४ मीटर, ०.६ रुंद आणि १ मीटर खोल धरली तर २६ घनमीटर मूळ माती, सुटी होऊन ३३. ही माती कुठे जाणार हे आधी ठरवलं नाही तर लोक आधी भरावाला माती विकत आणतात आणि महिन्याभराने पायाची माती पैसे देऊन बाहेर टाकतात. हे मी इतक्या साइटवर बघितलंय की आता हसूही येत नाही.

दबाईबद्दल थोडं जास्त लिहितो कारण कोटेशनमधला सगळ्यात मोठा खोटेपणा तिथे असतो. जेसीबीने माती टाकून बकेटने थापटली, वरून दोन फेऱ्या मारल्या, ही दबाई नाही. सुटी माती १५-२० सेंटीमीटरच्या थरात टाकायची, पाणी मारायचं, रोलर किंवा प्लेट फिरवायची, मग पुढचा थर. ०.६ मीटर भरावाला चार-पाच थर होतात. चिकण मातीला खुंटांसारखे पाय असलेला रोलर, म्हणजे शीप फूट, मुरूम-वाळूला थरथरणारा, म्हणजे व्हायब्रेटरी. ओलावा बरोबर आहे का बघायला मूठभर माती दाबा, गोळा झाला पाहिजे, हाताला पाणी लागता कामा नये, आणि गोळा खाली टाकला तर दोन-चार तुकडे व्हावेत. भुगा झाला तर कोरडी, चपटा झाला तर जास्त ओली. लिखापढीत '९५ टक्के प्रॉक्टर' असं असतं, त्याचा अर्थ लॅबमध्ये ठरावीक पद्धतीने दाबून त्या मातीची जी कमाल कोरडी घनता मिळते तिच्या ९५ टक्के साइटवर मिळाली पाहिजे. न दाबलेला भराव स्वतःहून ५-१० टक्के बसू शकतो, १ मीटरला ५ ते १० सेंटीमीटर. तुमच्या फरशीखाली. आणि दबाई कितीही चांगली असली तरी घराचा पाया भरावावर नको, भराव ओलांडून मूळ कठीण जमिनीपर्यंत न्या. अर्ध घर कापलेल्या जमिनीवर आणि अर्ध भरावावर टेकलं की बरोब्बर मधे भिंतीला तडा जातो.

खाली खडक निघाला तर वरचे सगळे हिशोब कोलमडतात. ब्रेकर लावला की तासांचा खेळ सुरू, साध्या मातीत जे मशीन तासाला १५-२० घनमीटर काढतं ते तिथे कुथत बसतं. म्हणून कोटेशन मागायच्या आधी कापायच्या भागात दोन-तीन ठिकाणी दीड मीटर खोल खड्डे घेऊन बघा. ते बघितल्यावरच खडकाचा वेगळा दर लिहून घ्या, 'निघाला तर बघू' यावर सोडू नका, कारण निघाल्यावर मशीन तुमच्या साइटवर उभं असतं आणि घासाघीस करायची ताकद तुमच्याकडे नसते.

मशीन आणायचा-न्यायचा खर्च काम छोटं असो मोठं असो तेवढाच, शिवाय बहुतेक जण किमान तास लावतात, म्हणून १५ घनमीटरचं काम १५० च्या एक दशांश पैशात होत नाही. मशीन एकदा आलं की लेव्हलिंग, पायाची चर, ड्रेनेजची चर जेवढं जमेल तेवढं एकदम उरका. गेट २ मीटरचं असेल तर जेसीबी आत जाणारच नाही, छोटं मशीन लागेल आणि ते हळू असतं. ओल्या हंगामात चिकण मातीत काम काढू नका, ना ती दबते ना डम्पर निघतो, आणि ओली माती घनमीटरला २ टनाच्या घरात जाते म्हणजे तोच डम्पर कमी माती नेतो.

फुकट भरावाचा मोह आवरा. 'माती फुकट आहे, फक्त भाडं द्या' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा कोणाच्या तरी पाडकामाचा राडारोडा असतो, विटा, प्लास्टिक, लाकूड, आणि टाकणाऱ्याचा बाहेर टाकायचा खर्च तुम्ही वाचवत असता. पसरणं आणि दाबणं तर तुम्हालाच करायचंय. पहिली गाडी रिकामी होताना उभं राहून बघा, पटलं नाही तर दुसरी येऊ देऊ नका. जुनी झाडं ठेवायची असतील तर बुंध्याभोवती भराव टाकू नका, मुळं वरच्या अर्ध्या मीटरमध्येच जास्त असतात, गुदमरून झाड दोन-तीन वर्षांनी वाळतं आणि तोवर कारण कोणाच्या लक्षातही राहत नाही. जुनी पाइपलाइन, केबल, सेप्टिक टँक कुठे आहे ते खोदायच्या आधी शोधा.

आता तिघांनाही परत बोलवा, तोच चौकटीचा कागद द्या आणि सांगा की दर घनमीटरवर द्या, आणि घनमीटर म्हणजे मूळ जमिनीतले का डम्परमधले का दाबलेले हे लिहा. मी स्वतः डम्पर मोजून पैसे देत नाही, गाडी किती भरली, माती किती फुगली यावर रोज वाद होतात, कामाआधीची आणि नंतरची लेव्हल घ्यायची आणि फरकाचे पैसे द्यायचे. वरची माती काढणं-पसरणं, थराची जाडी, कोणता रोलर, जास्तीची माती कुठे जाणार, खडकाचा दर हे सगळं त्यात यायला हवं. आणि फिनिशिंग किती बारीक पाहिजे तेही, कारण अधिक-उणे ३ सेंटीमीटर मशीन भराभर करतं पण १ सेंटीमीटर म्हणालात तर ऑपरेटर लेझर लावून दिवसभर त्याच जागेवर पुढे-मागे करत बसतो. घराखालच्या तुकड्याला बारीक, बागेला ढोबळ, असं वेगवेगळं लिहून दिलंत तर तिथेही वाचतं. शेवटचा हप्ता मात्र पहिला मोठा पाऊस पडून पाणी कुठे थांबतंय ते बघेपर्यंत रोखून ठेवा, कोरडा हंगाम असेल तर टँकर मागवून वरच्या टोकाला पाणी सोडा आणि खाली जाऊन बघा.